रंगाची रचना आणि उत्सर्जनाचे नियंत्रण : मोरपिसाच्या निमित्ताने

पदार्थातून बाहेर पडणारा प्रकाश हा केवळ त्या पदार्थातील अणुरेणूंचा गुणधर्म नसून, ते अणुरेणू ज्या परिसरात वसलेले असतात त्या परिसराचाही तो गुणधर्म असतो, हा विचार पदार्थविज्ञानात आता पूर्णपणे रुजला आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीइतक्या किंवा तिच्याहून लहान मापाची रचना उत्सर्जकाभोवती उभारली, तर उत्सर्जनाचा वेग, त्याची दिशा आणि त्याचा वर्णपट या तिन्ही बाबतींत बदल घडवून आणता येतो. गेल्या चार दशकांत या क्षेत्राचा विस्तार फार मोठा झाला. तथापि विस्ताराबरोबर शब्दांचा सैलपणाही वाढला. ‘नियंत्रण’ हा एकच शब्द आता इतक्या भिन्न घटनांसाठी वापरला जातो की, एखाद्या प्रबंधात तो आला असता नेमके कशाचे नियंत्रण सिद्ध झाले आहे, हे वाचकाला कळेनासे होते. या शब्दाची चिकित्सा करणे आणि तो कोणत्या कसोट्यांवर कमावला गेला पाहिजे हे ठरवणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या चिकित्सेला तात्कालिक निमित्तही आहे. २०२५ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात, ऱ्होडामाइन ६जी हे रंगद्रव्य मुरवलेल्या मोरपिसांतून लेसर-उत्सर्जन मिळाल्याचा एक निबंध अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केला. मूळ निबंधाची भाषा संयत आहे. परंतु त्याचा जो गाजावाजा झाला त्यात ‘मोराच्या पिसातून लेसर’ असा चमत्कार उभा राहिला, आणि पिसाला रंग देणारी नॅनोरचनाच हा प्रकाश नियंत्रित करते, असे बहुतेकांनी गृहीत धरले. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

विदर्भातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. इलेक्ट्रॉन-शलाकेने सिलिकॉनवर नॅनोमीटर मापाची छिद्रे कोरण्याची सोय मोजक्या संस्थांत आहे. मोरपीस मात्र यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावच्या विद्यार्थ्यालाही सहज मिळू शकते. पावसाळा सरताना मोर आपला पिसारा गाळतो. १९६३ साली राष्ट्रीय पक्षी ठरलेल्या आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण लाभलेल्या या पक्ष्याला बोटही न लावता, गळालेल्या पिसांवर अभ्यास करता येतो. निसर्गाने तयार करून ठेवलेली नॅनोरचना फुकट हाती येते, ही गोष्ट साधने तोकडी असलेल्या विभागांना मोह घालणारी आहे. हा मोह विधायक ठरावयाचा की फसवा, हे त्या रचनेविषयी कोणते विधान केले जाते यावर अवलंबून राहील.

मोरपिसाच्या रंगाची चर्चा विज्ञानात जुनी आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात मोरपिसाचे सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण नोंदवले आणि पीस पाण्याने भिजवले असता त्याचे झळाळते रंग नाहीसे होतात, हे दाखवले. रंग हा पदार्थात मुरलेल्या द्रव्याचा असता तर तो पाण्याने असा गेला नसता. तो रचनेचा आहे, हे या साध्या प्रयोगाने सूचित झाले. न्यूटननेही १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये मोरपिसाचे रंग पातळ पारदर्शक थरांच्या रंगांशी जोडले. या तर्काला इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाचा भक्कम आधार पुढे मिळाला. २००३ साली शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवले की, पिसाच्या तंतूंना फुटलेल्या बारीक उपतंतूंच्या बाह्य थरात मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या केरॅटिनने एकमेकींना जोडलेल्या असून त्यांची जवळजवळ चौकोनी जाळी झालेली असते. निळ्या भागात या जाळीतील अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५० आणि पिवळ्यात १६५ नॅनोमीटर इतके असते. अंतर थोडे वाढले की परावर्तित रंग तांबड्या बाजूस सरकतो. थरांची संख्या मात्र फार नसते. निळ्या-हिरव्या उपतंतूंत ती दहाच्या आसपास असते. एवढ्या तुटपुंज्या साहित्यात निसर्गाने संपूर्ण वर्णमाला बसवली, हे त्या शोधाचे सौंदर्य होय.

येथपर्यंत सारे निर्विवाद आहे. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही सर्व चर्चा परावर्तनाची आहे. बाहेरून आलेला सूर्यप्रकाश पिसावर पडतो आणि त्यातील काही तरंगलांब्या परत फिरतात. पिसाच्या आतून प्रकाश जन्मास येत नाही. परावर्तन आणि उत्सर्जन या दोन घटनांचा संबंध आहे, परंतु त्या एक नव्हेत. जी रचना परावर्तित प्रकाशाला रंग देते ती उत्सर्जित प्रकाशाचेही नियंत्रण करीलच, असा नियम नाही. प्रचलित लेखनातील गोंधळाचे मूळ या एका उडीत आहे.

उत्सर्जनावर परिसराचा परिणाम होतो ही कल्पना १९४६ साली एडवर्ड पर्सेल यांनी एका अत्यंत त्रोटक टिपणात मांडली. त्यांच्यासमोर प्रश्न होता तो रेडिओ कंप्रतेवरील आण्विक चुंबकीय संक्रमणांचा. तथापि त्यांनी काढलेला निष्कर्ष सर्वच उत्सर्जनाला लागू पडला. उत्तेजित झालेला अणू आपली ऊर्जा सोडतो ती कोठेतरी जावी लागते. त्या कंप्रतेच्या प्रकाशाला सामावून घेणाऱ्या अवस्था परिसरात जितक्या अधिक, तितके उत्सर्जन शीघ्र. जितक्या कमी, तितके मंद. १९७०च्या सुमारास कार्ल ड्रेक्सहागे यांनी युरोपियमच्या संयुगाचा थर आरशापासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून पाहिला असता, त्या अंतरानुसार उत्तेजित अवस्थेचे आयुष्य कमी-अधिक होते असे आढळले. १९८१ साली डॅनिएल क्लेप्नर यांनी उत्सर्जन रोखूनही धरता येईल याकडे लक्ष वेधले. १९८७ साली एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, नियतकालिक रचनेत प्रकाशाला काही कंप्रतांवर प्रवेशच नाकारता येईल असे प्रतिपादन केले. याब्लोनोविच यांचा रोख स्वयंस्फूर्त उत्सर्जन थांबवण्याकडे होता, तर जॉन यांचा प्रकाश एका जागी कोंडून ठेवण्याकडे. ‘फोटॉनिक स्फटिक’ या नावाने पुढे जो विषय फोफावला त्याचे हे दोन उगम होत.

हा विचार एका परिचित दृष्टांताने स्पष्ट करता येईल. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात भरलेल्या गाड्यांची रांग लागते. एखादी गाडी किती लवकर रिकामी होईल हे केवळ गाडीवर अवलंबून नसते. काटे किती चालू आहेत आणि माल उतरवण्यास जागा किती मोकळी आहे, यावरही ते ठरते. हा झाला उत्सर्जनाचा वेग. आता आवाराला चार दरवाजे असून मोजणी करणारा एकाच दरवाजापाशी बसला आहे असे समजावे. त्याच्या दरवाजातून बाहेर पडणाऱ्या रिकाम्या गाड्यांची संख्या वाढली, एवढ्यावरून माल उतरवण्याचे काम वेगाने होऊ लागले असे त्याला म्हणता येणार नाही. उरलेले तीन दरवाजे बंद केले तरीही तीच संख्या वाढेल. हा झाला दिशेतील बदल. आणि वाटेत पोती फाटून कापूस सांडू लागला, तर गाड्या लवकर रिकाम्या होतील खऱ्या, पण गोदामात काहीच पोहोचणार नाही. प्रकाशशास्त्रात याला शमन म्हणतात : ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर न पडता उष्णतेत विरून जाते.

या दृष्टांतातून तीन कसोट्या आपोआप निघतात. पहिली कसोटी वेगाची : उत्तेजित अवस्थेचे आयुष्य बदलले काय, आणि ते बदलताना प्रकाशरूपाने बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा वाटा कायम राहिला काय? दुसरी कसोटी दिशेची : एकूण उत्सर्जन तेच राहून त्याची कोनांतील वाटणी बदलली काय? तिसरी कसोटी वर्णपटाची : रचनेचे माप बदलले असता वर्णपटही त्याबरोबर आणि अपेक्षित प्रमाणात सरकला काय? या तिन्हींच्या आधी आणखी एक शंका दूर करावी लागते. रचनेमुळे उत्तेजक प्रकाशच उत्सर्जकावर अधिक एकवटला असेल, तर उत्सर्जन वाढलेले दिसते, पण त्यात उत्सर्जनाचे नियंत्रण असे काहीच घडलेले नसते. ‘नमुना अधिक उजळ दिसला’ हे वाक्य या चार शक्यतांपैकी एकीचीही निवड करीत नाही. दुर्दैवाने अनेक निबंधांचा सारा डोलारा याच वाक्यावर उभा असतो.

उजळपणा किती फसवा ठरू शकतो याचा उत्तम दाखला जपानमधील क्योटो विद्यापीठातील सुसुमु नोदा यांच्या गटाने २००५ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यात मिळतो. अर्धसंवाहकाच्या पातळ पाटीत नियमित छिद्रे पाडून त्यांनी द्विमितीय फोटॉनिक स्फटिक तयार केला. या रचनेत उत्सर्जनाचा वेग सुमारे पाच पटींनी घटला. परंतु पाटीच्या लंबदिशेने बाहेर येणारा प्रकाश मात्र वाढला. पाटीच्या समतलातील वाटा बंद झाल्या, ऊर्जा साठून राहिली आणि उरलेल्या वाटेने ती बाहेर पडली. केवळ वरून मोजणाऱ्याने येथे ‘उत्सर्जन वाढले’ असा उलटा निष्कर्ष काढला असता. या गटाने वेग आणि दिशा दोन्ही मोजल्या, म्हणूनच त्यांना ‘नियंत्रण’ हा शब्द वापरण्याचा अधिकार प्राप्त झाला. त्याआधी २००४ साली पेटर लोडाल, विलेम व्होस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियाच्या सच्छिद्र स्फटिकात क्वांटम बिंदू बसवून, जालकाचे माप बदलत नेले असता उत्सर्जन कधी मंद तर कधी शीघ्र होते, हे दाखवले होते. या प्रयोगाचे बळ ‘कधी मंद तर कधी शीघ्र’ यात आहे. शमनामुळे आयुष्य घटू शकते. ते वाढू शकत नाही. एकाच प्रकारच्या द्रव्यात, केवळ माप बदलून, दोन्ही दिशांनी बदल दिसला की शंकेला जागा उरत नाही.

सजीवसृष्टीतही या कसोट्यांना उतरणारे उदाहरण नाही असे नव्हे. पीटर वुकुसिक आणि इयन हूपर यांनी २००५ साली आफ्रिकेतील निरियस जातीच्या फुलपाखराच्या पंखांविषयी जे निरीक्षण प्रसिद्ध केले, ते या विषयात अभिजात मानले जाते. या पंखांवरील खवल्यांत प्रतिदीप्त रंगद्रव्य असते. ते जांभळट प्रकाश शोषून निळसर हिरवा प्रकाश सोडते. हे द्रव्य सूक्ष्म छिद्रांनी भरलेल्या पातळ पाटीत बसलेले असून पाटीखाली थराथरांचा आरसा असतो. पाटी प्रकाशाला बाजूने पसरू देत नाही आणि खालचा आरसा त्याला वर फिरवतो. अधिक प्रकाश देणाऱ्या प्रकाश-उत्सर्जक डायोडांसाठी अभियंत्यांनी जी मांडणी शोधून काढली, तीच येथे उत्क्रांतीने साधली होती. येथे नियंत्रण आहे, पण ते दिशेचे; वेगाचे नव्हे. शीर्षकातही लेखकांनी दिशेचाच उल्लेख केला, हे त्यांच्या शिस्तीचे द्योतक आहे. २०१२ साली बोडो विल्ट्स, डूकेले स्टाव्हेंगा आदींनी याच गटातील फुलपाखरांचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा त्या रंगद्रव्याची आणखी एक भूमिका पुढे आली : ते गाळणीप्रमाणे वागून पाहण्याच्या कोनानुसार रंग बदलण्याचे प्रमाण घटवते. म्हणजे, रंगद्रव्य आणि रचना एकत्र आढळली की त्यांचे नाते उत्सर्जनाचेच असेल, असे मानण्याचे कारण नाही; एकाच द्रव्याला एकाच पंखात दोन कामे असू शकतात.

महाराष्ट्रातील संशोधनाकडे वळले असता या शिस्तीची दोन बोधप्रद उदाहरणे आढळतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत जी. व्ही. पवन कुमार यांच्या गटाने २०१८ साली ‘नॅनो लेटर्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोन्याच्या पातळ आरशावर चांदीची नॅनोतार ठेवून दोहोंमधील फटीत रंगद्रव्याचे रेणू कोंडले आणि बाहेर पडणारा प्रकाश कोणत्या कोनांत विखुरतो हे मोजले. एकाच रेणूंपासून एकाच वेळी दोन प्रकारचा प्रकाश येत होता : एक रामन विकिरणाचा, दुसरा प्रतिदीप्तीचा. रामन विकिरण सर्व कोनांत सारखे पसरलेले आढळले, तर प्रतिदीप्ती मुख्यतः तिरप्या दिशांना एकवटलेली दिसली. या प्रयोगाचे मर्म त्याच्या अंतर्गत तुलनेत आहे. फट तीच, तार तीच, रेणू तेच, मापनयंत्र तेच. तरीही दोन प्रकाशांची वाटणी वेगळी. तेव्हा जो फरक दिसला त्याचा दोष मापनयंत्रावर किंवा नमुन्याच्या ओबडधोबडपणावर टाकता येत नाही. आणि निष्कर्षही दिशेपुरताच मर्यादित ठेवला गेला.

दुसरे उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आहे. अंजनी कुमार तिवारी व सुशील मुजुमदार यांनी २०१३ साली रंगद्रव्ययुक्त, प्रकाशवर्धक सूक्ष्म गोलकांची एका ओळीतील मांडणी घेऊन यादृच्छिक लेसरचा अभ्यास केला. ही मांडणी सरासरीने नियमित, पण पूर्णपणे नियमित नव्हे. यादृच्छिक लेसरमध्ये प्रकाश विस्कळीत माध्यमात इतस्ततः ठेचकाळत वर्धित होतो आणि कोणत्या तरंगलांबीवर लेसर उमटेल हे प्रत्येक स्पंदाला बदलू शकते. तथापि पार्श्वभूमीला नियमिततेचा आधार दिला असता, रचनेच्या निषिद्ध पट्ट्यात विस्कळीतपणामुळे निर्माण झालेल्या अवस्थांवर लेसर-उत्सर्जन होते, असे त्यांनी दाखवून दिले. गोलकांचे माप नॅनोमीटरांत नसून मायक्रोमीटरांत होते, हा भेद येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, लेसर-रेषा कोठे उमटतात यावरून त्यांना जन्म देणाऱ्या रचनेविषयी अनुमान करता येते. मात्र ते अनुमान रचनेच्या ज्ञात मापाशी जुळले पाहिजे.

हीच कसोटी घेऊन मोरपिसाच्या निबंधाकडे परत यावे. प्रयोगात पिसाच्या डोळ्याचे निरनिराळ्या रंगांचे भाग रंगद्रव्याच्या द्रावणात पुनःपुन्हा भिजवून सुकवले गेले आणि नंतर त्यांवर लेसर-स्पंद सोडले गेले. भिजवण्याच्या अनेक आवर्तनांनंतर काही अरुंद लेसर-रेषा उमटल्या. त्यांतील ठळक रेषा सुमारे ५७४ आणि ५८३ नॅनोमीटरवर होत्या. सर्वात लक्षणीय निरीक्षण असे की, डोळ्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या भागांत याच ठरावीक तरंगलांब्या पुनःपुन्हा आढळल्या. रेषा ठरावीक राहतात, त्याअर्थी हा निव्वळ यादृच्छिक लेसर नव्हे. पिसात काहीतरी ठरावीक मापाची रचना असून तीच प्रकाशाला मागे-पुढे फिरवते, असे लेखकांनी सुचवले. हे अनुमान योग्य आहे, आणि निबंधाचे खरे योगदानही हेच.

परंतु याच निरीक्षणाने लोकप्रिय समजुतीला तडा जातो. रंग देणाऱ्या जाळीतील अंतर निळ्या भागात १४० तर पिवळ्यात १६५ नॅनोमीटर, म्हणजे फरक अठरा टक्क्यांच्या जवळपास. ही जाळीच लेसरची पोकळी असती, तर भाग बदलताच रेषांनीही जागा सोडावयास हवी होती. त्यांनी जागा सोडली नाही. अर्थात ज्या रचनेने मोराला त्याचे रंग दिले ती रचना या लेसरची जननी असल्याचा पुरावा येथे मिळत नाही. उलट तसे नसावे, याकडेच पुरावा झुकतो.

साध्या हिशेबानेही हेच दिसते. पर्सेलच्या सूत्रात पोकळीचे घनफळ एका तरंगलांबीच्या घनाइतके धरले, तर उत्सर्जनाचा वेग वाढवणारा गुणक पोकळीच्या गुणवत्ता-अंकाच्या सुमारे ०.०७६ पट येतो. मोरपिसाच्या परावर्तनाचा पट्टा ५५० नॅनोमीटरभोवती शंभर नॅनोमीटर रुंद धरला, तर गुणवत्ता-अंक साडेपाचच्या आसपास राहतो आणि गुणक अर्ध्याच्याही खाली येतो. इतक्या क्षीण अनुस्पंदनाला हे सूत्र काटेकोरपणे लागू पडत नाही हे खरे; पण परिमाणाचा अंदाज येण्यास ते पुरेसे आहे. दहा थरांची, मेलॅनिनसारख्या प्रकाशशोषक द्रव्याची जाळी उत्सर्जनाचा वेग लक्षणीयपणे बदलील, अशी अपेक्षाच अवास्तव ठरते. दुसरा हिशेब रेषांमधील अंतराचा. ५७४ आणि ५८३ या एकाच पोकळीच्या लगतच्या दोन अवस्था मानल्या आणि अपवर्तनांक दीड धरला, तर दोन टोकांमध्ये प्रकाश मागे-पुढे फिरवणाऱ्या त्या पोकळीची लांबी सुमारे बारा मायक्रोमीटर निघते. त्या लगतच्या नसतील, तर पोकळी याहूनही लांब असावी लागेल. रंग देणाऱ्या जाळीची एकूण जाडी मात्र दहा थरांच्या हिशेबाने दीड मायक्रोमीटरच भरते. दोन रेषा दोन भिन्न पोकळ्यांच्या असतील तर हा दुसरा हिशेब गळून पडतो. पण त्यामुळेही जाळीची बाजू बळकट होत नाही.

याला एक आक्षेप घेतला जाईल. ऱ्होडामाइन ६जी हे द्रव्य मुळातच हिरव्या-पिवळ्या अरुंद पट्ट्यातच प्रकाश वर्धित करते. मग निळ्या भागातील जाळीला निळी रेषा उमटवण्याची संधी मिळाली कोठे? आक्षेप बिनतोड आहे. परंतु तो जाळीच्या कर्तृत्वाचा पुरावा नव्हे. तो केवळ प्रयोगाची मर्यादा दाखवतो. एकच रंगद्रव्य वापरल्यामुळे वर्धक द्रव्याची आवड आणि रचनेची आवड वेगळी काढता आली नाही. वेगवेगळ्या पट्ट्यांत वर्धन करणारी दोन-तीन द्रव्ये घेतली असती, तर हा निवाडा अधिक नेमका झाला असता. जेथे पुरावा अपुरा आहे तेथे निर्णय राखून ठेवणे हीच समीक्षेची रीत, आणि मोरपिसाच्या बाबतीत ‘रंगाची रचना उत्सर्जनाचे नियंत्रण करते’ हे विधान तूर्त राखीव ठेवणेच इष्ट होय.

मग बोरी अरबच्या विद्यार्थ्याने मोरपीस हाती धरू नये काय? निष्कर्ष याच्या उलट आहे. या विषयात जे प्रयोग राहून गेले आहेत त्यांतील काही तर अत्यंत साध्या साधनांनी करता येण्याजोगे आहेत. हूकने १६६५ साली केलेली भिजवण्याची क्रिया ही आजही उत्तम कसोटी आहे. पिसाच्या जाळीतील हवेची जागा द्रवाने घेतली की अपवर्तनांकांतील तफावत घटते आणि रंग मंदावतो किंवा सरकतो. रंगद्रव्य मुरवलेल्या पिसाचे प्रतिदीप्त वर्णपट कोरड्या आणि भिजलेल्या अवस्थेत घ्यावेत. मुरवलेले द्रव्य ज्यात विरघळणार नाही असाच द्रव यासाठी निवडावा लागेल. पिसाचा रंग बदलला आणि त्याबरोबर उत्सर्जनाचा आकारही बदलला, तर जाळीचा हात असण्याची शक्यता वाढते. रंग बदलला पण उत्सर्जन जसेच्या तसे राहिले, तर जाळी निर्दोष ठरते. दुसरी तुलना कोनाची : पीस हळूहळू फिरवून परावर्तनाचा आणि उत्सर्जनाचा वर्णपट सारख्याच प्रमाणात सरकतो काय, हे पाहता येईल. तिसरी तुलना पाळीव पांढऱ्या मोराच्या गळालेल्या पिसाशी. त्यात मेलॅनिन नसल्यामुळे मेलॅनिनच्या कांड्यांची जाळीही नसते, केरॅटिन मात्र असते. या तिन्ही प्रयोगांना नॅनोमीटर मापाचे कोरीवकाम लागत नाही. साधा प्रतिदीप्तीमापक आणि कोन मोजण्याची चकती पुरते. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात यवतमाळ जिल्हा येतो. अशा विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असे काम हाती घेतले, तर ते परदेशी निबंधाचे अनुकरण न होता त्याची पूर्तता ठरेल. आणि उत्तर नकारार्थी आले तरी त्याचे मोल कमी होणार नाही, कारण ‘जाळीचा संबंध नाही’ हेही सिद्ध करण्याजोगे विधान आहे.

या सर्व विवेचनातून भाषेविषयीही एक सूचना निघते. मराठीत विज्ञानलेखन करताना एका व्यापक शब्दाखाली भिन्न क्रिया झाकून टाकण्याचे कारण नाही. प्रकाशाची दिशा बदलली तर त्याला ‘वळवणे’ म्हणावे. वेग बदलला तर ‘शीघ्र करणे’ किंवा ‘रोखणे’ म्हणावे. विशिष्ट तरंगलांबी उचलून धरली गेली तर ‘निवडणे’ म्हणावे. फुलपाखराचा पंख प्रकाश वळवतो. क्योटोची पाटी त्याला रोखते आणि वळवते. पुण्याची नॅनोतार दोन प्रकाशांना दोन वेगवेगळ्या रीतींनी वळवते. मोरपीस सूर्यप्रकाशातून रंग निवडते, हे निश्चित. आपल्या पोटात मुरवलेल्या रंगद्रव्याच्या प्रकाशाशी त्याची रंगजाळी यांपैकी काय करते, हा प्रश्न अजून खुला आहे. ज्या प्रबंधात क्रियापद नेमके असेल त्याच्या परीक्षकाला कसोटी शोधावी लागणार नाही. ती त्या क्रियापदातच सांगितलेली असेल.